पऱ्यांच्या छत्रीवाला शंकरअण्णा

मंडळाच्या स्मरणिकेसाठी शंकरअण्णावर चार चांगले शब्द लिहून द्या, असा केदारचा फोन आला. केदार आमच्या मंडळाचा प्रेसिडेंट, पुण्याचा, बोलायला गोड. म्हणाला, "काका, तुम्ही दीड वर्ष त्यांच्याबरोबर गॅरेजमध्ये काम केलंत. तुमच्याइतकं त्यांना कोणीच ओळखत नाही. आठवेल तसं लिहा, आम्ही एडिट करू."

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. साखर कारखान्यात बॉयलरवर एकतीस वर्षं काढली. लिहायला येतं, पण चार चांगले शब्द जमणार नाहीत. एकच जमेल, तो आधी लिहून टाकतो. अण्णाच्या हातात कला होती. बाकी माणूस वाईट होता. एडिट करायचं तर करा, पण मग खाली माझं नाव घालू नका.

अण्णा आमच्यापासून चार घरं पलीकडं, मुलगी वर्षा आणि जावई निखिल यांच्याकडं राहायचा. अंगानं बारका, पाठीत वाकलेला. हात मात्र दुसऱ्या कुणा मोठ्या माणसाचे काढून लावल्यासारखे. नखांत पांढरं कायम भरलेलं. जेवायलाही तसाच बसायचा. वर्षा ओरडली तर म्हणायचा, "चुनाच आहे. पानाला लावून खाता तेव्हा चालतो."

कुणाची ओळख करून दिली की नमस्कार नाही, हात मिळवणं नाही. आधी तोंड बघायचा. मग सरळ अंगठा गालावर ठेवून दाबायचा. "हाड बरं आहे," म्हणायचा, "वर मांस फुकट चढवलंय." हे त्यानं दिवाळीच्या पार्टीत, जिच्या घरी जेवायला गेलो होतो त्या बाईला सांगितलं. ती बिचारी श्रीखंड वाढत होती.

जावयाला तर त्यानं जगू दिलं नाही. निखिल मोठ्या कंपनीत आहे, स्वभावानं गरीब. पाहुण्यांसमोर अण्णा त्याच्याकडं बोट करून म्हणाला, "हा साच्यातनं नीट सुटलेला नाही. नाक आतच राहिलं." सगळे हसले, निखिलही हसला. पण त्या दिवसापासून फोटो काढताना तो तोंड बाजूला वळवतो. मी बघितलंय.

नात अनया नऊ वर्षांची. तिनं एकदा घोड्याचं चित्र काढून आणलं. "आजोबा, लुक!" अण्णानं कागद हातात घेतला, चष्मा पुसला, बराच वेळ बघितला. एवढा वेळ बघतोय म्हणून पोरगी खूश झाली. मग म्हणाला, "हा घोडा मेलाय. पाय बघ. असे पाय मेल्यावरच होतात."

पोरगी रडत आत गेली. वर्षा भडकली. "बाबा, ती नऊ वर्षांची आहे!"

"म्हणून तर सांगितलं. एकोणीसची असती तर सांगून काय उपयोग होता?"

असा माणूस. आता त्याच्या कामाचं सांगतो.

आमचा भाग एके काळी संस्थान होता. तिथल्या एका महाराजांना गाण्याचा, नाटकाचा, चित्रांचा भारी नाद. गवई पदरी ठेवले, नाटकमंडळी पोसली. ते विलायतेला गेले ते परत येताना इटलीत थांबले. तिथली कारंजी बघितली, चर्च बघितली, मेलेल्या राजांची थडगी बघितली. आल्यावर म्हणाले, मी गेलो की मला असलं पाहिजे. ते गेल्यावर तळ्याच्या काठी त्यांची छत्री उभी राहिली. छत्री म्हणजे राजाच्या स्मारकावर घुमट बांधतात ती. पण आमची छत्री देशी नव्हे. जिलेबीसारखे पिळाचे खांब. खांबांवर द्राक्षांचे घोस, शिंपले, फुलांच्या माळा. वर ढग, ढगातनं बाहेर आलेले सोनेरी किरण, आणि कर्णे फुंकणाऱ्या पंखांच्या पऱ्या. मधे महाराज, अंगावर एवढ्या घड्यांचा झगा की वाऱ्यात उभे आहेत असं वाटावं. पायाशी चार बाया बसलेल्या. एक गाणारी, एक नाचणारी, एक चित्र काढणारी, एक नाटकवाली. महाराजांनी पोसलेल्या कला म्हणून. सगळीकडं एवढी गर्दी की डोळा टेकायला जागा नाही. गावात तिला कोणी समाधी म्हणत नाही. पऱ्यांची छत्री म्हणतात.

तिचा गिलावा अण्णाच्या आजानं केला. आजानं इटली सोडा, मुंबईसुद्धा बघितली नव्हती. हातात महाराजांनी आणलेलं एक चित्र, तेही काळं पडलेलं. पऱ्यांना पंख कसे करायचे ते कळेना. कोंबडी बघितली, मोर बघितला, काही जमेना. मग तो गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायच्या जागेवर जाऊन महिनाभर बसला आणि गिधाडं बघून आला. गिधाड उतरताना पंख मागं धरून थांबतं, तेच पंख त्यानं पऱ्यांना दिले. आमच्या महाराजांच्या डोक्यावर गिधाडं उतरतायत, हे गावात दोन-चार माणसांनाच ठाऊक. अण्णा हे सांगताना फार खूश असायचा. जन्मभर त्यानं त्या छत्रीची नुसती डागडुजी केली. नगरपालिका बोलवायची, तुटलेलं बोट लाव, उडालेला शिंपला लाव. स्वतःचं असं काही उभं केलं नव्हतं. हे त्याला आतून खात होतं, पण बोलायचा नाही.

इथं अमेरिकेत, टेक्ससमधल्या अर्विंगच्या आसपास आमच्या भागातली बरीच कुटुंबं आहेत. मंडळानं जुनं गोडाऊन घेऊन हॉल केला तेव्हा या पोरांनी ठरवलं, लॉबीत पऱ्यांच्या छत्रीची प्रतिकृती उभी करायची. बारा फूट. कलेला आश्रय देणारा राजा आपल्या पोरांना रोज दिसला पाहिजे, असं केदार भाषणात म्हणाला. अण्णा उठून म्हणाला, "कोण करणार? तुम्ही कॉम्प्युटरवर?" आणि काम स्वतःकडं घेतलं.

हाताखाली माणूस पाहिजे म्हणून त्यानं मला धरलं. मला नावानं कधी हाक मारली नाही. "मिलवाल्या" म्हणायचा. वर्षाच्या गाड्या बाहेर उभ्या राहिल्या आणि गॅरेजमध्ये थर्मोकोलचे ठोकळे, प्लॅस्टरची पोती, काथ्या, बादल्या आल्या. गॅरेजचं दार सारखं उघडं असतं म्हणून सोसायटीचं तक्रारीचं पत्र आलं. अण्णानं त्या पत्राच्या पाठीवर पऱ्यांचे पाय काढले. टेक्ससच्या उन्हात प्लॅस्टर बादलीतच धरायचं, दगड व्हायचं. धरलं की तो बादली माझ्या पायाशी आपटायचा. "पाण्यात पीठ टाकायचं, पिठात पाणी नाही. एकतीस वर्षं काय केलंस रे, नुसता धूर बघितलास?"

पंखांसाठी आम्ही गिधाडं बघायला गेलो होतो. हायवेच्या कडेला हरीण मरून पडलं होतं आणि त्यावर आठ-दहा काळी गिधाडं. अण्णा गवतात मांडी घालून बसला. दोन तास. वास असा की मी नाकाला शर्ट लावला. पोलिसाची गाडी थांबली. पोलीस लांबूनच म्हणाला, "सर, आर यू ओके?" अण्णानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही, हात वर करून गप्प बसायची खूण केली. पोलिसाला, अमेरिकेत! मी वर्षाला फोन लावला. ती ऑफिसमधनं येईपर्यंत पोलीस बिचारा तिथंच उभा. घरी जाताना गाडीत अण्णा म्हणाला, "आपल्याकडचं गिधाड याहून देखणं. पण चालेल."

आता सुमनचं. सुमन माझी बायको. तिचं आजारपण त्याच वर्षी निघालं. पोटातलं. केमो सुरू झाली, केस गेले, भुवया गेल्या, तोंडाचं नुसतं हाड राहिलं. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत. घरी एकटी राहायला नको म्हणून ती गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायची. डोक्याला रुमाल, उन्हाळ्यात अंगावर स्वेटर. लोक यायचे ते म्हणायचे, "काकू, काय फ्रेश दिसताय!" तसं कुणी म्हणालं की त्या दिवशी ती घरी जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपायची.

अण्णा आठ दिवस तिच्याकडं बघत होता. एक दिवस हातातलं काम ठेवून म्हणाला, "वहिनी, आता तुमचं तोंड कामाचं झालं."

मी बादली उचलली होती त्याच्या डोक्यात घालायला. सुमन हसली. "म्हणजे इतकी वर्षं बिनकामाचं होतं होय?"

"होतंच. मांस होतं. आता काय आहे ते दिसतंय." मग त्यानं समजावून सांगितलं. त्याच्या आजानं चारही बायांची तोंडं गावातल्या खऱ्या बायांवर साचा टाकून घेतली होती. राजाचं तोंड कसंही केलं तरी चालतं, तो काय बघायला येत नाही. पायाशी बसलेली बाई खरी पाहिजे. आमच्या छत्रीतल्या तीन बायांची तोंडं अण्णानं इकडच्या तिकडच्या बायकांवर घेतली होती. गाणारीचं राहिलं होतं.

मी म्हणालो, "मेलेल्यांची घेतात तशी तोंडं. ही जिवंत आहे."

"अजून," अण्णा म्हणाला.

मी सुमनचा हात धरून उठवायला लागलो, तर तिनं हात सोडवून घेतला. "अहो, एवढ्या लोकांनी एवढ्या सुया घातल्या. त्यांना चुना लावू दे की."

खोबरेल तेल फासलं, नाकपुड्यांत दोन स्ट्रॉ घातल्या आणि तोंडावर प्लॅस्टर चढवलं. मी शेजारी बसून स्ट्रॉमधनं श्वास येतोय का ते बघत होतो. प्लॅस्टर धरताना गरम होतं. ती हात हलवेल, काढा म्हणेल, असं मला वाटलं. ती शांत पडून होती. साचा काढल्यावर म्हणाली, "किती दिवसांनी ऊब लागली तोंडाला." तिला सारखी थंडी वाजायची.

अण्णा साचा उन्हात धरून बघत म्हणाला, "भुवया नव्हत्या ते बरं झालं. नाहीतर निम्म्या उपटून येतात."

सुमन खोकला येईपर्यंत हसली. त्या सबंध वर्षात तेवढं मोकळं ती एकदाच हसली. म्हणून तो खुनशी माणूस मी आजही पूर्ण टाकू शकत नाही.

साच्यातनं तोंड निघालं, अण्णानं ओठ जरा उघडे केले आणि गाणारी तयार झाली. गाल आत गेलेले, डोळे मिटलेले. गाणं म्हणतेय की शेवटचा श्वास घेतेय ते कळत नव्हतं. सुमन म्हणाली, "अगं बाई, मी अशी दिसते?"

"नाही. याहून वाईट दिसता. मी जरा सावरलंय."

काम संपत आलं तेव्हा कमिटीची माणसं बघायला आली. केदार पुढं. फिरून फिरून बघितलं, फोटो काढले. "अण्णा, अमेझिंग! यार, आपल्या गावची छत्री इथं!" मग गाणारीसमोर थांबला. "फक्त ही लेडी... थोडी सॅड वाटते. म्हणजे सिकच वाटते. एंट्रन्सला लहान मुलं येणार, इनॉग्रेशनला पाहुणे येणार. थोडी हेल्दी करता येईल का? पॉझिटिव्ह?"

सुमन तिथंच त्याच्या कोपराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. त्यानं तिच्याच हातचा चहा घेतला. ओळखलं नाही. केदार, हे वाचून तुला वाईट वाटलं तर वाटू दे.

सुमन म्हणाली, "खरंय. बदला ते. पोरं घाबरतील."

"तुम्हाला कोण विचारतंय?" अण्णा तिच्यावर खेकसला. "तुम्ही नमुना आहात. नमुन्यानं बोलायचं नसतं." आणि केदारला म्हणाला, "एक टवका निघणार नाही."

केदारनं गोडीनं तोड काढली. चेहरा बदलायचा नसेल तर राहू दे, पण मग छत्री लॉबीच्या मधोमध नको, मागं सरकवून भिंतीला लावू. गाणारी भिंतीच्या बाजूला जाईल, कुणाला दिसणार नाही. महिनाभरात काय ते सांगा. अण्णा अंगठ्यानं प्लॅस्टर घासत बसला.

त्या महिन्यातच सुमन गेली. इथं भट्टीचं बटण दाबायचं असतं. मुलाला दाबवेना, मी दाबलं. बॉयलरवर तेच केलं होतं जन्मभर.

दहावं झाल्यावर मी अण्णाकडं गेलो. म्हणालो, मला तिचं तोंड पाहिजे. साच्यातनं अजून एक काढून दे, घरी ठेवतो.

"साचा फोडला."

"मला विचारायचं होतंस."

"तुला कशाला? तोंड तिचं होतं."

मी म्हणालो, निदान हॉलमध्ये जाऊन बघत जाईन. तो पाठ करून बादली धुवायला लागला. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

उद्घाटनाला मी कोट घालून गेलो. छत्री लॉबीच्या बरोबर मधोमध उभी होती. वर पऱ्या, किरण, खाली महाराज झगा उडवत. लोक चारी बाजूंनी फिरून बघत होते. मी गाणारीसमोर आलो. गाल भरलेले. भुवया कोरलेल्या. ओठ मिटून हसणारे. कॅलेंडरवरच्या लक्ष्मीसारखी एक बाई तिथं बसली होती, तिला मी ओळखत नव्हतो.

अण्णा खुर्चीवर बसला होता, गळ्यात शाल, हातात नारळ. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. तोच म्हणाला, "भिंतीला लावणार होते. छत्री फिरून बघायची असते. भिंतीला लावली की ते कपाट झालं."

"लावू द्यायची होतीस भिंतीला. ती राहिली असती."

"माझी छत्री कपाट झाली असती." मग म्हणाला, "खरवडली नाही. आत तीच आहे. वर नुसता थर दिलाय."

एवढं बोलून तो फोटोसाठी उठला.

दीड वर्ष त्याच्या हाताखाली काढल्यामुळं मला एक ठाऊक होतं. सुकलेल्या प्लॅस्टरवर साबणाचं पाणी लावून वर दुसरं चढवलं तर दोन्ही एकमेकांना धरत नाहीत. बारीक छिन्नी घातली की वरचं नारळाच्या करवंटीसारखं सुटतं आणि आतलं जसंच्या तसं हाताला येतं. साबण नसेल तर एक फोडताना दुसरं फुटतं. म्हणजे सगळं त्या साबणावर होतं. त्यानं लावला असेल तर सुमन आत होती. नसेल तर नव्हती.

त्याला विचारायला मी गेलो नाही. रागच एवढा होता. रविवारी मुलगा हॉलवर सोडायचा, तिथं चपला काढायच्या बाकावर मी बसायचो आणि त्या लक्ष्मीकडं बघायचो. एकदा कोटाच्या खिशात छिन्नी घेऊन गेलो. आत मुलींचा नाचाचा क्लास चालू होता, पालक कॉफी पीत उभे होते. तासभर बसलो. क्लास सुटला, पोरी छत्रीभोवती पळायला लागल्या. एक पोरगी गाणारीच्या मांडीवर चढून बसली. मी छिन्नी घेऊन परत आलो.

मग वर्षाचा फोन आला. अण्णाला झटका आला होता, उजवी बाजू गेली होती, त्याला एका नर्सिंग होममध्ये ठेवलं होतं. म्हणाली, "काका, ते कोणाशी बोलत नाहीत. नर्सेसना शिव्या देतात. तुम्ही या."

मी शिव्या खायला किंवा द्यायला गेलो नव्हतो. एकच विचारायला गेलो होतो. तो पलंगावर उशीला टेकून बसला होता. तोंड एका बाजूला ओघळलेलं, त्याचा मोठा उजवा हात चादरीवर मेल्यासारखा पडलेला. मला बघून म्हणाला, "मिलवाला." शब्द फुटके, पण कळत होते.

"अण्णा, एक सांग. साबण लावला होतास?"

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोपला.

"नाही."

"विसरलास?"

"मी?" त्याला हसायचं होतं, पण अर्धंच तोंड हललं. "टोचे मारले. कपाळावर, गालांवर. छिन्नीनं. ओली केली. मग चढवलं. आता दोन्ही एक झालंय."

मी पलंगाचा दांडा धरून उभा राहिलो. म्हणालो, "तिच्या तोंडावर टोचे मारलेस? तिनं तुला रोज चहा दिला."

"साबण लावला असता तर तू छिन्नी घेऊन गेला असतास," अण्णा म्हणाला. "गेला होतास का नाही?"

मी चादरीवरच्या त्याच्या हाताकडं बघितलं.

"गेला होतास. थर काढून तिला घरी नेलं असतंस. मांडीवर घेऊन रडत बसला असतास. आणि माझी गाणारी बिनतोंडाची राहिली असती." दम लागला म्हणून थांबला. "आता नाही नेता येत."

त्यानंतर तो काही दिवस जगला, असं वर्षा म्हणाली. मी पुन्हा गेलो नाही. त्या दिवशी मात्र मी लगेच निघालो नाही. खुर्ची ओढून बसलो. नर्सनं लाल जेलीची वाटी आणून त्याच्यासमोर ठेवली आणि ती गेली. त्यानं डाव्या हातानं चमचा धरला. तीन वेळा वाटीबाहेर गेला, चौथ्यांदा तोंडात. निम्मी जेली गेलेल्या बाजूनं हनुवटीवर आली, तिथनं गळ्यावर. त्याला ते कळत नव्हतं. चवीनं खात होता. टेबलावर माझ्या हाताशी कागदी रुमाल होते. मी एक उचललाही. मग तसाच हातात धरून बसलो. त्यानं सगळी वाटी संपवली आणि लाल हनुवटी तशीच वर करून तो झोपी गेला.